बंधाऱ्यापलीकडची पिशवी

पिशवी माझ्या हातून सुटली, बंधाऱ्यापलीकडच्या खडकांवर आपटली, आणि नेमका तेव्हाच माझाच आवाज कोपऱ्यावरून वळून माझ्याकडे येऊ लागला.

"नागरिकहो... आपला कचरा समुद्रात टाकू नका. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. समुद्र आपला आहे... आपणच त्याला जपू या."

कसा गोड, लाडिक आवाज! नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात मी कारकून आहे. घंटागाडीवर लावायला बाईचा आवाज हवा होता, तेव्हा साहेबांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. जुन्या फायलींच्या खोलीत, पंखा बंद करून, घाम पुसत पुसत मी ते बोलले होते. तेव्हापासून रोज सकाळी मी गावभर फिरते, म्हणजे माझा आवाज फिरतो. मी स्वतः त्या वेळी आंघोळीला गेलेली असते... बरं, खरं सांगते, अंथरुणात असते.

त्या दिवशी इतक्या लवकर बंधाऱ्यावर गेले त्याचं कारणही काही चांगलं नव्हतं. वहिनीची काचेची बरणी, तिच्या आईने दिलेली, माझं कोपर लागून ओट्यावरून पडली होती. वहिनी उठायच्या आत मी तुकडे गोळा केले, आदल्या दिवशीच्या भाजीच्या सालींसकट एका फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, गाठ मारली आणि मागच्या दाराने बंधारा गाठला. घंटागाडी चुकली की मी असंच करायची. ती रोजच चुकायची.

गाडी माझ्यासमोर थांबली. आतून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक उंच तरुण उतरला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि कपाळाला आठ्या. गाडीवरच्या कर्ण्यामुळे गाव त्याला भोंगा म्हणतं, हे मला नंतर कळलं.

"कचरा?" त्याने चढ्या आवाजात विचारलं.

"नाही... आमच्याकडे आज कचराच नाही."

त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकदम मोडल्या. माझ्याकडे तो असा बघत राहिला, की मी हळूच तोंडावरून हात फिरवून पाहिला.

"परत बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. बोला ना!"

"का हो? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याने खिडकीतून हात घालून कर्णा बंद केला. मग फक्त समुद्राचा आवाज उरला, आणि आम्ही दोघं.

"तुम्हीच त्या!" तो हसला. "रोज चार तास तुम्हाला ऐकतो. शंभरदा तरी. 'आपणच त्याला' म्हणायच्या आधी तुम्ही जरासा श्वास घेता... तिथे मी गिअर बदलतो."

मला हसू फुटलं. माझ्या श्वासाची दखल घेणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि भेटला तो हा असा, पाठीमागे माझी पिशवी खडकावर पडलेली असताना!

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं," तो बंधाऱ्याकडे बघत म्हणाला. "बाकीचे काय... इथून फेकतात आणि मोकळे होतात."

"हो ना," मी म्हटलं. "लोकांना काही म्हणजे काही वाटत नाही."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठायला लागले. ओल्याचा डबा वेगळा, सुक्याचा वेगळा, केस विंचरलेले, आणि घंटागाडी यायच्या दहा मिनिटं आधी दारात हजर! वहिनी दात घासता घासता थांबली. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," ती म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

तो डबा घ्यायचा, आणि घेता घेता बोटं जरा... चुकून असतील.

"किती एकसारख्या साली! भाजी तुम्ही चिरता?"

"वहिनी चिरते."

"मग तुम्ही काय करता?"

"मी बोलते."

"ते तर अख्ख्या गावाला माहीत आहे." मग हळूच, "तुमच्याकडे कुणाला खोकला झालाय का? औषधाचं दुसरं खोकं आलं आज."

"दादाला. पण तुम्ही आमच्या कचऱ्यात डोकावता की काय?"

"मला पत्रं कोण लिहिणार? जे मिळतं ते वाचतो..."

मी डबा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि घरात पळाले. डब्याआड तोंड लपवून हसताना मला वहिनीने पाहिलं आणि मग दिवसभर माझी खेचली. सात दिवस असे गेले. प्रेमात पडायला लोक बागेत जातात, टेकडीवर जातात. मी सालींच्या वासात पडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आठव्या दिवशी गाडी आली, माझा आवाज आला, पण गिअर भलत्याच शब्दावर बदलला. दुसराच चालक होता. नवव्या दिवशी भोंगा आला तो उतरलेला चेहरा घेऊन.

"काय झालं?"

"आई..." तो थांबला. "आई कचरा वेगळा करायच्या शेडमध्ये काम करते. भरती ओसरली की त्या सगळ्या बायका किनाऱ्यावरचं गोळा करायला जातात. समुद्र काही ठेवून घेत नाही हो, सगळं परत आणून टाकतो. परवा तिने एक पिशवी उचलली. आत काच होती. हातमोजा फाडून अंगठ्याच्या मुळाशी घुसली. नऊ टाके पडले."

"कसली... पिशवी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पायाने उगाच टायर दाबून पाहिला. "प्लास्टिकची. फुलाफुलांची."

मी दाराची चौकट धरली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणतो. त्या सकाळी मी खरोखर पायाखाली पाहिलं होतं. सांगून टाकावं, असं अगदी ओठांपर्यंत आलं. पण सांगितलं की हा जाणार. उद्यापासून गाडी थांबेल, डबा घेतला जाईल, आणि कुणी विचारणार नाही की खोकला कुणाला झालाय. मी म्हटलं, "काळजी घ्या त्यांची." त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

पुढचे तीन आठवडे मी तसेच काढले. तो रोज थोडा जास्त वेळ थांबायचा, मी रोज थोडी जास्त त्याची व्हायची, आणि घरात शिरले की स्वतःचं तोंड आरशात बघवत नसे. ऑफिसात पाणी प्यायला उठले तरी वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे. मग एका रविवारी तो म्हणाला, "आईला तुम्हाला बघायचंय." नाही म्हणायला मला कुठलंच कारण सापडेना. खरं होतं तेवढं एकच, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली एक लांबलचक टेबल. एका बाजूला बाटल्यांची पोती, दुसरीकडे जाळ्यांचे तुकडे, एकेकट्या चपला आणि ढिगाने झाकणं. सहा-सात बायका काम करत होत्या. त्याची आई मधोमध स्टुलावर बसली होती. उजव्या हाताला पट्टी, आणि डाव्या हाताने लाल झाकणं एकीकडे, निळी दुसरीकडे. सगळ्या तिला मावशी म्हणत होत्या.

"ये गं," ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटलं होतं तू चांगली जाडजूड असशील."

बायका हसल्या. मीही हसले. तेवढ्यात शेजारची एक जण माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशीइतका भरभर हात इथे कुणाचाच चालत नव्हता. ज्याने ती पिशवी टाकली ना, त्याचे हात..."

"पुरे," मावशी म्हणाली. "शिव्या घालून काय होणार? शीर तुटलीये. डॉक्टर म्हणाले, अंगठा आता असाच ताठ राहणार, कधी वाकायचा नाही." मग माझ्याकडे बघून, "तुझं लोक ऐकतात. त्या बोलण्यात एक वाक्य घाल. फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्या, म्हणावं. एवढं करशील?"

"राहू दे ना आई," भोंगा घाईने म्हणाला. "साहेबांची परवानगी लागते. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ."

"साहेबांना मी विचारते," मावशी म्हणाली. आणि तिने विचारलंसुद्धा.

मंगळवारी दुपारी मी पुन्हा त्या फायलींच्या खोलीत बसले. गाडीवर लावायचं यंत्र त्याच्या ताब्यात असायचं, म्हणून ते घेऊन तोच आला. त्याने दार लावलं, पंखा बंद केला आणि बटण दाबलं.

"नागरिकहो... फुटकी काच..."

पुढे बोलवेना. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नागरिकहो... फुटकी काच कागदात..."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मी डोळे मिटले आणि म्हणाले, "ती पिशवी माझी होती."

त्याने बटण बंद केलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी डोळे उघडले.

"गाडी वळवली तेव्हाच पाहिलं. तुमचा हात अजून वर होता. उतरलो ते तुम्हाला चांगलं खडसवायलाच. आणि तुम्ही म्हणालात, आमच्याकडे कचराच नाही... त्या आवाजात!" तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "खडकावर उतरून पिशवी आणायला दोन मिनिटं लागली असती. माझं कामच आहे ते. पण वाटलं, तिचा कचरा तिच्याचसमोर उचलून आणला, तर ती पुन्हा कधी बोलायची नाही आपल्याशी. म्हटलं, दुपारी येऊन नेईन. पण दिवसभर तुमच्याच विचारात होतो... विसरलो."

"म्हणजे तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं, असं जे म्हणालात..."

"टोमणा होता. तुम्हाला कळला नाही."

मला वाटायचं, बोलून टाकलं की मन हलकं होईल. कसलं काय! इतके दिवस मी ज्याच्यासमोर साळसूदपणे दोन डबे घेऊन उभी राहत होते, त्याला सगळं माहीत होतं. कानाची पाळी तापून लाल झालेली मला न बघता कळत होती.

"आणि त्यानंतर?" मी कसंबसं विचारलं. "त्यानंतर जे बोलायचात... तेही टोमणेच?"

"नाही." तो यंत्राची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. "त्यानंतर एकही टोमणा नव्हता. आवडतेस तू मला. फार आवडतेस. रोज आईची पट्टी बदलतो, ती म्हणते, गुणाचा रे माझा लेक... आणि मी गप्प बसतो. तुला वाचवायला म्हणून नाही, स्वतःलाच वाचवायला."

त्याने मला तू म्हटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या एका शब्दावर आठवडा काढला असता.

"तिला सांगायला हवं," मी म्हटलं.

"तिने तुला पुन्हा दारात उभं केलं नाही तर?"

"तर... नाही केलं."

"आणि मग आपलं?"

मी उठले आणि पंखा लावला.

शेडपर्यंत आम्ही चालत गेलो, मध्ये हातभर अंतर ठेवून. मावशी झाकणंच वेगळी करत होती. मी म्हटलं, "जरा एकीकडे बोलायचं होतं." ती म्हणाली, "इथेच बोल, या काही परक्या नाहीत." मग मी त्या सगळ्या बायकांसमोर बोलले. आधी मी, मग तो. मध्येच कुणाच्या तरी हातातली बाटली टेबलावर पडली आणि गडगडत गेली. ती कुणी उचलली नाही.

मावशीचा डावा हात थांबला होता.

"काय फुटलं होतं?"

"बरणी. वहिनीची."

"तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"म्हणजे तिथेही," मावशी म्हणाली. एवढे दोनच शब्द. साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर झापलं असतं तरी मला इतकी लाज वाटली नसती.

मग ती लेकाकडे वळली. "आणि तू? पट्टी काय छान बांधतोस रे!" तो मान खाली घालून उभा होता. एवढा उंच माणूस, पण केवढासा दिसत होता.

"मावशी, मला माफ..."

"नको मागूस. आज नाही मिळायची."

"मग... कधी?"

तिने पट्टीचा हात टेबलावर ठेवला. अंगठा सरळ ताठ होता. "हा वाकेल तेव्हा."

"अगं, पण डॉक्टर तर म्हणाले," शेजारची हळूच म्हणाली, "की तो कधीच..."

"डॉक्टर मलाच म्हणाले ना? माहीत आहे मला." मावशीने पायाने एक स्टूल माझ्याकडे ढकललं. "तोवर ऑफिस सुटलं की रोज इथे यायचं. झाकणं वेगळी करायची. एक दिवस चुकवायचा नाही. लग्न झालं तरी."

मग भोंगा चाचरत म्हणाला, "कुणाचं... लग्न?"

"बाहेर जा तू आधी. माझं तुझ्याशी अजून बोलणं व्हायचंय."

तो गेला, पण दारात जाऊन वळलाच. डोळे भरलेले होते त्याचे. माझेही भरले होते, पण मी खाली बघितलं. शेजारच्या बाईने माझ्यापुढे हातमोजे ठेवले. मी ते घातले आणि स्टुलावर बसले. लाल झाकणं एकीकडे, निळी दुसरीकडे. मावशीच्या डाव्या हाताला जमत नव्हतं ते मला पटापट जमत होतं. माझे दोन्ही अंगठे किती सहज वाकत होते, आणि दर झाकणाला मला त्यांची लाज वाटत होती.