चार सेकंदांहून मोठी शांतता

"थांबा हं… एक मिनिट!" मिटत्या लिफ्टकडे धावत मी ओरडले. आतल्या उंच माणसाने दार धरलं आणि भूत दिसल्यासारखा बघतच राहिला.

"तुम्ही बेचाळीस नंबर!"

"आणि तुम्ही कोण? पोलीस?"

त्याचे कान लाल झाले. "मी वरच्या मजल्यावर… एआयला फोनवर बोलायला शिकवतो. तुमचेच कॉल ऐकवून. सहा महिने रोज तुमचा आवाज ऐकतोय."

"अच्छा! म्हणजे माझी नोकरी खाणारे मास्तर ते तुम्हीच?"

परदेशातल्या लोकांची वॉशिंग मशीन बिघडली की फोन आमच्या मजल्यावर वाजायचा. आम्ही साठ जण हेडफोन लावून त्यांची समजूत काढायचो. रेकॉर्डिंगवर नाव नाही, नुसता नंबर; माझा बेचाळीस. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी यादी लागणार होती: एआय आल्यावर कोण राहणार, कोण जाणार. घरात मिळवती मी एकटी. आई रोज देवाला तेच विचारत होती, आणि देव सांगेना म्हणून शेजारणीलाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर जेवायला आमच्या मजल्यावर यायला लागला. वर जागा नव्हती का? चांगली ऐसपैस होती.

"ग्राहक चिडला की तुम्ही विचारता, मशीनमध्ये आत्ता कोणाचे कपडे आहेत? हे कुठे शिकलात?"

"घरीच. आई तणतणत असली की मी असंच काहीतरी विचारते. माणूस कपडे आठवायला लागला की भांडायचं विसरतो."

"एआयलाही शिकवलंय मी ते."

"चोर!" म्हणत मी त्याच्या डब्यातला गोडाचा तुकडा उचलला. तो नुसता हसला. पुढच्या दिवशी डब्यात दोन तुकडे होते.

बुधवारी मात्र तो डबा न घेताच आला आणि त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला. एआयच्या चाचणीचा कॉल होता. एक म्हातारे गृहस्थ चिडलेले. एआयने गोड आवाजात विचारलं, कोणाचे कपडे?

"बायकोचे. गेल्या आठवड्यात गेली ती."

"छान! आता लाल बटण दाबा."

मी हेडफोन काढून ठेवला.

"असाच फोन तुम्हालाही आला होता," तो हळूच म्हणाला. "तुम्ही अकरा सेकंद काही बोलला नव्हतात. ते अकरा सेकंद मीच कापले. चार सेकंदांहून मोठी शांतता कापायची, असा नियम आहे… वेळ वाया जातो म्हणून. गप्प कधी बसायचं, ते त्याला कळणार कुठून?"

"मग आता?"

"आता काय…" त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "माझं चुकलं, असं लिहून द्यायचं."

शुक्रवारी यादी लागली. अवघड फोन माणसांनीच घ्यायचे, त्यासाठी वीस जण ठेवले. त्यात मी होते. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण मात्र पर्स आवरत होती, त्यामुळे आनंद गिळूनच टाकला. तिला फाटकापर्यंत सोडून धावतच वर गेले, तर मास्तरचं टेबल रिकामं.

"सहा महिने चुकीचं शिकवलं, असं स्वतःच लिहून दिलं," तिथला शिपाई म्हणाला. "मग काय, हार घालणार होते?"

आणि या शहाणीने त्याचा फोन नंबरही घेतला नव्हता!

सोमवारी सकाळी माझ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: एआयला समजलं नाही, माणूस द्या.

"नमस्कार, काय बिघडलंय?"

"मशीन ठीक आहे. माझंच जरा…"

तो आवाज! मी खुर्चीत सावरून बसले. "कॉल रेकॉर्ड होतोय हं."

"होऊ दे. कापणारा आता तिथे नाही."

"नोकरी घालवून बसलात. वेडे आहात का?"

"परवा मुलाखत आहे एक. ते सोडा… नऊ वेळा फोन लावला तेव्हा कुठे तुम्ही लागलात, आणि नेहमीचा प्रश्नच नाही विचारलात."

मी माईक तोंडाजवळ ओढला. "मशीनमध्ये आत्ता कोणाचे कपडे आहेत?"

"माझे. एकट्याचेच. बरीच वर्षं मशीन अर्धं रिकामंच फिरतंय. तुम्हाला चालणार असेल तर…"

मी काही बोलले नाही. चार सेकंद झाले. सात झाले. तोही बोलला नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. अकरा…

"बेचाळीस? आहात ना?"

"आहे," मी म्हणाले. "साडेपाचला सुटते. खाली फाटकापाशी उभा राहा. आणि डबा आण. गोडाचा."