मधल्या फळीवरची गोणी

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. मी स्वतःच कोणावर विश्वास ठेवत नाही.

जळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पेट्रोल भरताना मीटरवर डोळा, भाजी घेताना काट्यावर डोळा, असा माझा स्वभाव. बायको पुनम म्हणते, "तुम्ही आरशातल्या माणसालाही आधारकार्ड मागाल."

तरी हे घडलं. माझ्या डोळ्यांसमोर.

२९ एप्रिल २०२५, मंगळवार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. जागा वरणगावच्या पुढे, तापीचं बॅकवॉटर. खाली एक जुनं गाव बुडालेलं आहे. त्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

सुट्टी लागली होती आणि आमची सहा वर्षांची लेक चिनू बोटीसाठी हटून बसली होती. काठावर जीवराम आबा एक लहान फायबरची बोट भाड्याने देतात. मोटारी हा माझा रोजचा धंदा. म्हटलं, पुढच्या स्टिअरिंगवर बसून बोट मीच चालवतो.

आबांनी आम्हा तिघांना जॅकेटं घातली. पट्टे स्वतः ओढून बघितले.

"सगळ्यायनं घालाचं. उभं ऱ्हायाचं नाही. बाभळीच्या खुटांकडे जायाचं नाही. आन् भो..."

आबांनी बोटीत हात दाखवला.

बोटीच्या मधल्या फळीवर वाळूची एक गोणी होती.

"ही गोणी हलवाची नाही."

"का?"

"बोट तोलात ऱ्हाते."

धडधडीत खोटं! तिघांच्या वजनाला गोणी कशाला लागते? मी गोणी दाबून बघितली. वाळूच होती. मग तर संशय आणखीच वाढला.

"स्वभावाला औषध नाही," पुनम हसली.

निघालो. पाणी फार उतरलं होतं. वीस मिनिटांनी बुडालेल्या गावाच्या घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या. बघायला जवळ गेलो आणि बोट गाळात रुतली.

वल्ह्याने रेटलं. हलेना.

शेवटी मी ती गोणी उचलली आणि पायरीवर टाकून दिली.

बोट लगेच उचलली गेली. हातभर मागे सरकली.

"बघ," मी पुनमला म्हटलं. "म्हणे तोलात राहते."

आणि तेव्हाच...

बोट पुन्हा दबली. अगदी हळू. कोणीतरी पायरीवरून जपून आत पाऊल टाकावं तशी.

मला वाटलं, बूड फुटलं. वाकून बघितलं. तळ कोरडा होता.

इंजिन सुरू केलं. मोटारीच्या आवाजावरून मी लोड सांगतो, बावीस वर्षांचा कान आहे माझा. गोणी उतरवली होती. आवाज हलका यायला हवा होता.

तो जड येत होता.

येताना बगळे होते, पाणकोंबड्या होत्या. आता एकही पक्षी नव्हता.

मी मागे वळून बघितलं.

चिनूच्या अंगात जॅकेट नव्हतं.

ते मधल्या फळीवर होतं. पट्टे लावलेले. आणि ते पडलेलं नव्हतं... ताठ उभं होतं.

"चिनू! जॅकेट का काढलंस?"

"तिच्याकडे नव्हतं ना, बाबा. आबा म्हणाले ना, सगळ्यांनी घालायचं."

मी त्या जॅकेटकडे बघत राहिलो. पुढे बघायचं राहूनच गेलं.

खाड्...

बाभळीचा खुंट. बोट एका अंगाला कलली आणि चिनू अर्धी बाहेर गेली. माझा हात पोचला नाही. पुनमचाही नाही.

तिच्या फ्रॉकची पाठ मात्र हवेत ताणली गेली.

कोणीतरी तिला ओढून परत फळीवर बसवलं. पुनमने झडप घालून तिला छातीशी धरलं. फ्रॉक पुढून कोरडा होता. मागून चिंब ओला.

देवाशपथ सांगतो, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

काठ आला. आबा गुडघाभर पाण्यात उतरले. मी दोर फेकला.

आबांनी तो धरला नाही.

ते मधल्या फळीकडे बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर ओढला.

"गोणी कुठी हाये, भो?"

मी उडी मारून त्यांचा दंड धरला. "आधी सांगा, हे काय आहे!"

"माही बहीन हाये ती. कमल."

आमच्या खान्देशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. गाव धरणात जायच्या आधीची गोष्ट. कमलचं सासर नदीपार, त्याच गावात. आबांनी निरोप धाडला, "मी येतो, तू घाटावर थांब." पण ऊन फार होतं म्हणून ते गेलेच नाहीत.

"सांजपर्यंत पायऱ्यायवर बसून होती," आबा म्हणाले. "मंग एकलीच डोंग्यात निंघाली. डोंगा उलटला. आखाजी आली का मी जागा भरून ठेवतो. रिकामी दिसली का बसते ती."

"मग न्या ना तिला घरी! समोर बसलीये!"

"कोन्त्या तोंडानं नेऊ?"

आणि तो माणूस पाठ फिरवून चढ चढून निघून गेला. एकदाही मागे वळला नाही. इतका राग मला कधी कोणाचा आला नसेल.

चिनू बोटीतून उतरली. मागे हात करून म्हणाली, "सावकाश उतर हं."

मग बोट हलकी झाली.

मोटारसायकलवर चिनू नेहमी आमच्या दोघांच्या मध्ये बसते. त्या दिवशी ती टाकीवर बसली. मध्ये जागा सोडली. जळगावपर्यंत इंजिनचा आवाज जडच होता.

वर्ष झालं. घरात वाईट काहीच घडलेलं नाही. पुनम म्हणते, "तिने माझी पोर धरली. तिला जा कशी म्हणू?" मलाही ते पटतं. तरी घरातल्या ज्या रिकाम्या कोपऱ्याशी चिनू बोलते, त्याच्याकडे पाठ करून मी बसत नाही.

परवा पुन्हा आखाजी आहे. बहिणीला न्यायला या म्हणून आबांना अकरा वेळा फोन केला. ते उचलत नाहीत.

आज दुपारी चिनू दाराशी बसली होती. म्हणाली, "बाबा, ती विचारते, तिचा दादा कधी येणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला सांग, येतोय. थांब म्हणावं."

चिनू कोपऱ्याकडे वळली.

"बाबा... ती म्हणते, दादाही असंच म्हणाला होता."