गिअरबॉक्समधली दाढ

मी दात बनवते. कवळ्या, कॅपा, कधी तीन दातांचा जोडलेला पूल. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतते आणि त्यात बसेल असा दात घडवते. पेशंट मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. माणसं फार बोलतात, जबडे गप्प असतात.

अपवाद माझ्या धाकट्या भावाचा. घरात त्याला टिल्लू म्हणायचे, कारण लहानपणी चणीनं बारका होता. आता दारातून आत येताना मान वाकवावी लागते, पण नाव सुटलेलं नाही. आईबाबा गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. वर तो राहतो, खाली मी, आणि माझ्या कामाच्या खोलीला लागून गॅरेज. तिथे त्याची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार असते. लाल रंगाचा आता विटका गुलाबी झालाय, तरी तो तिला बाईसाहेब म्हणतो. तो तिला कसा चालवतो हे मी एकदाच शेजारी बसून पाहिलं आणि नंतर बसले नाही.

गाडी ऑटोमॅटिक, गिअर आपले आपण बदलतात. या वर्षी ते बदलताना हिसके बसायला लागले.

"गिअरबॉक्सचं ऑइल बदलू," टिल्लू म्हणाला. "घरीच."

"मग मेकॅनिक कशाला असतो?"

"तो हात लावायला तयार नाही. म्हणतो, कंपनीनं सीलबंद केलाय. एकदा भरलेलं ऑइल आयुष्यभर चालतं."

"कुणाच्या आयुष्यभर?"

"ते काही त्याला सांगता येईना."

रविवारी सकाळी गाडी चार स्टँडवर चढवली. ती समपातळीत नसेल तर ऑइलचा अंदाज चुकतो असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी माझी पाणसळ आणून चारी बाजूंनी तपासली. टिल्लूच्या मते मी उगाच डोकं खाते. मी तपासत राहिले.

गिअरबॉक्सच्या पोटाखाली पत्र्याचा पसरट डबा असतो, त्याला चेंबर म्हणतात. तो बोल्टनी आवळलेला होता आणि प्रत्येक बोल्टवरून पत्र्यापर्यंत कारखान्यात ओढलेली पिवळी रेघ होती. बोल्ट जरा फिरला तर रेघ तुटणार. मी टॉर्च घेऊन एकेक रेघ पाहिली. एकही तुटलेली नव्हती. गाडी बनली त्या दिवसापासून हा डबा कुणी उघडलाच नव्हता.

आधी ऑइल काढलं. ते लाल असायला हवं होतं. आलं ते काळं, जळक्या वासाचं. मग बोल्ट सोडवून चेंबर हळूच खाली घेतला. तळाशी राखाडी गाळ, आणि कोपऱ्यात चुंबक, त्याला चिकटलेला लोखंडाचा बारीक कीस. इतकी वर्षं गिअर झिजून झिजून जे सांडलं ते सगळं तिथे जमलं होतं. मला ते बघायला मजा वाटत होती. झिजलेल्या वस्तू वाचणं हेच माझं काम.

चुंबकाशेजारच्या गाळात काहीतरी पांढरट होतं.

मला वाटलं प्लॅस्टिकचा तुकडा असेल. चिमट्यानं उचलून पेट्रोलमध्ये धुतला. दाताची कॅप होती. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आतून धातूची, वरून पोर्सलीनची.

"गिअरचे दात ऐकले होते," टिल्लू म्हणाला, "पण हे जरा जास्तच झालं."

मी हसले नाही. कॅप उलटी करून जिभेकडची बाजू पाहत होते. तिथे एक बारीक तिरकी खाच होती. शिकत असताना एकदा हात घसरून तशी खाच पडली आणि पुढे सवयच झाली. तिचा उपयोग काहीच नाही. माझ्या प्रत्येक दाढेला ती असते आणि दुसऱ्या कुणाच्या दाढेला मी ती कधी पाहिलेली नाही.

ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मी अजून मेणाचे दात कोरायला शिकत होते; माझ्या हातची एकही दाढ कुणाच्या तोंडात गेली नव्हती.

आम्ही नवा फिल्टर बसवला, नवं पॅकिंग लावलं, चेंबर आवळला. टिल्लूनं हातपंपानं नवंकोरं लाल ऑइल भरलं. इंजिन चालू करून सगळे गिअर एकदा फिरवले, ऑइल कोमट झाल्यावर पातळी पाहिली. त्यानं रस्त्यावर एक चक्कर मारली आणि लहान मुलासारखा हसत आला. हिसका गेला होता. मी मात्र कामाच्या खोलीत भिंग लावून बसले होते.

दाढ भरपूर वापरलेली होती. वरचा दात रोज खालच्यावर घासला की पोर्सलीनवर गुळगुळीत चकाकते भाग पडतात, त्यावरून ती किती वर्षं तोंडात होती ते मला बऱ्यापैकी सांगता येतं. ही वीस-पंचवीस वर्षं तरी चावत होती. पण एक कोपरा अजिबात झिजलेला नव्हता. म्हणजे तिच्यावर येणाऱ्या वरच्या दाढेचा तेवढा टवका उडालेला असणार.

ठेवणीतले सगळे जबडे मी काढले. पुढचे काही दिवस दुसरं काम सुचेना. एकेका जबड्यावर ती दाढ ठेवून बघायची आणि बाजूला सारायची. कुणाचीच नव्हती.

"अजून तेच?" टिल्लू दारात उभा राहून जांभई देत म्हणाला.

जांभई मोठी होती. वरच्या डाव्या दाढेचा उडालेला टवका मला स्वच्छ दिसला. तो मला माहीत असायलाच हवा होता. लहानपणी टिल्लू सायकलवरून पडला तेव्हा मागच्या सीटवर मीच बसले होते.

मी त्याला खुर्चीत बसवून माप घेतलं. प्लॅस्टर सुकल्यावर त्याच्या वरच्या दाढेखाली ती कॅप धरली. झाकण डब्यावर बसावं तशी ती बसली. फक्त एक अडचण होती. त्याची खालची दाढ त्याच्या तोंडात धडधाकट होती. तिला साधी कीडही नव्हती.

मला त्याच्यापासून काही लपवता येत नाही. सगळं सांगितलं. त्यानं कॅप उजेडात धरली.

"पंचवीस वर्षं चावलेली आहे म्हणतेस?"

"साधारण."

"मग वाईट काय आहे त्यात? म्हणजे ही मला पुढे कधीतरी बसणार, आणि अजून पंचवीस वर्षं मी निवांत जेवणार."

"आणि मग ती गिअरबॉक्समध्ये जाणार. कशी जाणार, टिल्लू?"

तो गाडी पुसायला निघून गेला. पण मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. तोंडातली दाढ सीलबंद गिअरबॉक्समध्ये पोचायची तर मधलं काय काय फुटावं लागेल, याचा हिशोब मी नको नको म्हणताना करत होते. कॅप मी एका छोट्या डबीत ठेवली.

पावसाळा संपता संपता टिल्लूनं मक्याच्या लाह्या खाताना न फुटलेला दाणा चावला. खालची डावी दाढ उभी चिरली.

डॉक्टरांनी ती कोरून माप माझ्याकडे पाठवलं. मी प्लॅस्टर ओतलं आणि डबीतली कॅप त्यावर ठेवली. कुठेही केसभर फट नव्हती.

"हीच बसव की," टिल्लू म्हणाला. "तयार आहे, फुकट आहे, आणि पंचवीस वर्षांची खात्री आहे."

"ती तुझ्या तोंडात जाणार नाही."

मला भीती वाटत होती आणि तितकंच कुतूहलही वाटत होतं. मी वेगळीच दाढ केली तर? धातू न वापरता, आतबाहेर पांढऱ्या झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची? खाच न ठेवता? मग त्या गाळात सापडलेली दाढ त्याची उरतच नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी होते आणि माझा भाऊ मोकळा होतो. खाच टाळताना हात दोनदा तिकडे वळला. मी तो आवरला.

कॅप बसवताना मी डॉक्टरांच्या शेजारी उभी होते. त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरून त्याला चावायला लावलं, उंच लागणारी जागा घासली, पुन्हा चावायला लावलं. शेवटी दाढेवर निळे ठिपके उरले, दोन शेजारी आणि एक जरा लांब.

"पुसू का?" मी विचारलं.

"कशाला? पहिल्या घासाला जातात," डॉक्टर म्हणाले. "मात्र दोन तास काही खायचं नाही."

किती वर्षांनी मी बाईसाहेबात त्याच्या शेजारी बसले आणि टिल्लूनं मला घरी सोडलं. इंजिन चालूच होतं.

"दोन तास बसून काय करू? घाटातून एक चक्कर मारून येतो. मग जेवू."

"सावकाश जा."

"ताई, मी आता मोकळा आहे ना?"

मी हो म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. किती दिवसांनी अंगावरचं ओझं उतरलं होतं. जेवणाची तयारी केली, टेबल पुसलं, आणि ती जुनी कॅप एकदाची फेकून द्यावी म्हणून डबी उघडली.

आतली दाढ पांढरी होती.

उलटी केली. आतूनही पांढरी. धातू नव्हता.

जिभेच्या बाजूला खाच नव्हती.

मी ती भिंगाखाली धरली. कोपर टेबलावर टेकवलं. पंचवीस वर्षांचे चकाकते भाग शोधले. एकही नव्हता. दाढ कोरी होती. तिनं आयुष्यात एक घासही चावलेला नव्हता.

वरच्या बाजूला निळे ठिपके होते. दोन शेजारी आणि एक जरा लांब.

टिल्लूला फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, तेवढा एकच नियम तो पाळतो. पुन्हा लावला.

फोन कानाला धरून मी डबीत पाहिलं. तळाशी थोडं ऑइल साचलं होतं. काळं नाही, आम्ही भरलं होतं तसं नवंकोरं, लाल. मी बोट बुडवलं.

ते कोमट होतं.