खडकावरचा निरोप

जरा इकडे ये आणि दार लोटून घे. आत चालू दे त्यांचं हसणं-खिदळणं. तुझे काका एकदा नकला करायला लागले की कुणी जागचं हलत नाही. तोवर तुला एक गोष्ट सांगून टाकते. घाबरू नकोस, तिचा शेवट गोड आहे. नसता, तर आत आज नकला करायला तुझे काका नसते.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाची गोष्ट. आई म्हणत होती, आज तरी घरात बूड टेक. पण रजेवर जायच्या आधी माझं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचं राहिलं होतं. गेले तशी येते, असं सांगून मी दुपारी धक्क्यावर गेले.

आमची खोली धक्क्याच्या वरच्या मजल्यावर होती. निरोप्यांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. निरोप्या म्हणजे माणूस नव्हे हं. प्रत्येक बोटीवर आणि प्रत्येक धक्क्यावर एकेक पेटी असायची आणि तिच्यात एक प्रोग्रॅम. ते आपसांत बोलायचे. बोटीचा निरोप्या कळवायचा, निघालो आहे. धक्क्याचा कळवायचा, जागा मोकळी आहे, यावे. पाण्यावर संपर्काचा काही भरवसा नसतो, म्हणून बाहेर जाणारा निरोप आधी रांगेत उभा राहायचा. संपर्क आला की पहिला सुटायचा. समोरून 'मिळाला' असं उत्तर आलं की मगच दुसऱ्याची पाळी. उत्तर नाही आलं, तर तोच पुन्हा पाठवायचा. ही सगळी रांग माझ्या पडद्यावर दिसायची. तिकीटवाल्या बाई म्हणायच्या, तुझं बरं आहे, तुझ्या रांगेत कुणी भांडत नाही.

त्या दिवशी बाई मला काही सुचू देत नव्हत्या. तुझे काका समोरून येणाऱ्या बोटीच्या सुकाणूवर होते, आणि त्याच बोटीत माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या. माझे लग्नाचे कपडे शिंप्याने इतके घट्ट शिवले होते, की ते सैल करून घेऊन त्या स्वतः निघाल्या होत्या. बाई म्हणाल्या, आजच पोटभर जेवून घे, उद्या श्वास घ्यायलाही जागा मिळायची नाही. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून खिडकीकडे पाहिलं, तर समोरचा धक्का दिसेना.

धुकं पाण्यावरून येतं. ते मात्र जिन्यावरून चढून आल्यासारखं आलं. आधी वास आला, भिजलेल्या दोरखंडाचा आणि ओहोटीच्या चिखलाचा. मग खालचे आवाज एकेक करून बुजले. भर दुपारी दिवा लावावा लागला. आणि दिवा लावला त्याच वेळी टेकडीवरचा मनोरा बंद पडला.

मनोरा गेला म्हणजे सगळंच गेलं. निरोपही त्याच्यावरून जायचे आणि बोटीशी बोलायचा बिनतारी फोनही. बाहेरच्या रांगेत निरोप साचायला लागले. तरी मला काळजी वाटली नाही, असं अधूनमधून व्हायचंच. बोट धुक्यात हळू चालते, येईल सावकाश, असं मी म्हणाले.

एवढ्यात टेबलावरचा तारेचा फोन वाजला. पैलतीरावरून बोलत होते. वाळूने भरलेला एक मोठा पडाव दोर तुटून सुटला होता. त्यावर माणूस नाही, दिवा नाही, आणि ओहोटीबरोबर तो सरळ बोटीच्या वाटेवर चालला होता.

मी निरोप टाकला. पडाव सुटला आहे, कृपया थांबावे. तो रांगेत जाऊन उभा राहिला. इतरांना मागे सारून मी त्याला सगळ्यांत पुढे आणला. पुढे आणून काय उपयोग, दारच बंद होतं. पडद्यावर त्याच्यासमोर 'प्रतीक्षेत' एवढंच दिसत होतं. तिकीटवाल्या बाई धावत खाली गेल्या आणि धक्क्यावरची घंटा बडवायला लागल्या. ती घंटा मलाच वर नीट ऐकू येत नव्हती, तर बोटीला काय ऐकू जाणार... मी नुसती बघत बसले. ज्याच्याशी उद्या लग्न, तो त्या पांढऱ्या भिंतीच्या आत, आणि माझा निरोप इथे माझ्या डोळ्यांसमोर खोळंबलेला.

आणि मग माझ्या निरोपाच्याही पुढे आणखी एक निरोप येऊन उभा राहिला.

मी तो टाकला नव्हता. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'खडक'.

खाडीच्या मधोमध एक खडक आहे, तू पाहिलायस. पूर्वी तिथे चौकी होती आणि एक बाई ती सांभाळायची. धुकं पडलं की कंदील हलवून बोटींना हाका मारायची. ती वारल्यावर तिच्या जागी पेटी बसवली. पुढे बोटींचा मार्ग बदलला आणि ती पेटीही काढून आणली. त्या दिवशी ती माझ्या पाठीमागच्या कपाटात पडलेली होती, वायरी गुंडाळून. वीज नाही, काही नाही.

माझ्या पाठीमागे कपाटात टक् असा आवाज झाला. पडद्यावर त्या निरोपासमोरचे शब्द बदलले. सुटला. मग लगेच, मिळाला.

माझा निरोप तसाच प्रतीक्षेत होता. मनोरा बंदच होता. मागे वळून पाहायचा धीर मला झाला नाही...

किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यातून बोटीचा भोंगा आला. लांब, एका जागी थांबलेला. पुन्हा आला, त्याच जागेवरून. बोट उभी होती. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले, मग हसले, मग दोन्ही एकदम.

धुकं फाटलं तशी बोट धक्क्याला लागली. त्यांच्या अगदी नाकासमोरून पडाव गेला होता, अंधारासारखा, आवाज न करता. उतारू एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कुणी गायला लागलं, कुणी धक्क्याच्या फरशीवरच बसून राहिलं. सासूबाई कपड्यांचं बोचकं छातीशी धरून उतरल्या, ते माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या यंत्राला जरा मोठ्यांशी बोलायची रीत शिकव."

मला कळेना. तुझ्या काकांनी मला बाजूला नेलं. त्यांच्या पेटीवर निरोप आला होता, त्यात दोनच शब्द होते.

"थांब रे."

आमचे निरोप्ये कधी 'रे' म्हणत नाहीत. कृपया, थांबावे, कळवावे, हीच त्यांची भाषा. काका म्हणाले, "'कृपया थांबावे' आलं असतं, तर मी आधी तुला फोन करून विचारायला गेलो असतो. पण हे वाचलं आणि डोक्याआधी हात हलले." शेजारी एक म्हातारे नावाडी उभे होते. ते ऐकून त्यांनी खडकाकडे तोंड केलं आणि नुसते हात जोडले.

सगळे खाली असताना मी एकटी वर जाऊन कपाट उघडलं. पेटी होती तशीच होती, वायरी गुंडाळलेल्या. फक्त चिंब भिजलेली. करंगळी फिरवून जिभेला लावली. खारट.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. कपडे आता इतके सैल होते, की तिकीटवाल्या बाईंनी जागोजागी पिना मारल्या. हसले की एक टोचायची, आणि मी दिवसभर हसत होते. इतकं सुख माझ्या वाट्याला तोवर आलं नव्हतं. त्या खडकाची मला कधी भीती वाटली नाही. ती पेटी आम्ही पुढे खाडीतच सोडली, फुलं वाहून.

मग तुला हे आज का सांगते आहे? आत सगळे तुझ्यासाठीच जमलेत. सोमवारपासून तू बोटीच्या सुकाणूवर बसणार, आमच्या धक्क्यावरची पहिली मुलगी. मला तर गावभर साखर वाटावीशी वाटते.

पण गेल्या आठवड्यात मी रांग साफ करत होते. एक निरोप पुसला जात नाही. पुसला की परत येतो आणि सगळ्यांत पुढे उभा राहतो. मनोरा चालू आहे, संपर्क उत्तम आहे, तरी तो सुटत नाही. जणू त्याची वेळ व्हायची आहे. कुठल्या बोटीसाठी, ते लिहिलेलं नाही. मी तो उघडून वाचला.

"थांब गं."

आमच्या बोटींच्या सुकाणूवर आजवर 'गं' म्हणावं असं कुणी नव्हतं, बाळ.

चल आत. आणि आलाच कधी तो, तर मला विचारत बसू नकोस.