पाच घंट्या

बसा इथं, बाकड्यावर. समोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात नंबर दिसते ना, "टेकचंद मोटर वाइंडिंग, शहापूर"... तो माह्या हातचा आहे. शाळेत मी तिसरीपावतर टिकलो, पन आकडे असे काढतो का धावत्या गाडीतून वाचता यावं. ह्या नंबराची एक गोष्ट सांगतो तुमाले. प्रेमाची आहे, पन लाजू नोका. सारी माह्या डोळ्यापुढची आहे, अन् कानापुढची तं त्याहून जास्त.

टेकचंदभाऊचे हात कापाले लागले तवापासून दुकान त्याची पोरगी गुंजन पाहे. जळालेली मोटर खोलाची, आतला तांब्याचा तार काढाचा, नवा तार एकएक वेढा मोजून भराचा, वर वार्निश द्याचं. बाईमानसाचं काम नाई म्हनत लोक, अन् मंग तिच्याच पुढं मोटर ठेवून उभे राहात. उन्हाळी धानाच्या दिवसात पान्याची मोटर जळली का बांध्या, म्हनजे धानाचे वावरं, दोन दिवसात भेगाळतात. मानूस मंग भिंत पाहून फोन लावते. आजूबाजूच्या गावात असा नंबर मीनं बासष्ट भिंतीवर लिहून ठेवला होता.

अन् ऐन हंगामात हायवेचं खोदकाम निघालं, दुकानाचा फोन मेला. बारा दिवस. गिऱ्हाईक सारं भंडाऱ्याले जाऊन राहिलं होतं. टेकचंदभाऊ म्हने, "पोरी, हा हंगाम गेला तं दुकान कोनाले तरी देऊन टाकू. नागपूरवरून तुह्यासाठी एक स्थळ आलंच आहे."

गुंजन वेढे मोजत राहे.

तेराव्या दिवशी तिचा धीर सुटला. शटरच्या वर एक काळा तार लोंबत होता. तिले वाटलं, हाच आपला मेलेला फोन, आपनच दुरुस्त करू. पक्कड घेतली, कटकन तोडला, साल काढून पाहाते तं आत तांबाच नाई. केसासारखं बारीक, पांढरं काईतरी.

मी शिडीवर बसून दुकानाचा बोर्ड रंगवत होतो. माह्याकडं पाहून म्हने, "भय्याजी काका, फोनवाल्याइनं बनवलं आपल्याले. तार डुप्लिकेट आहे."

दहा मिनिटात फटफटीवर एक पोरगा आला. खांद्यावर शिडी, तोंड उन्हानं लाल. त्यानं तार पाहिला, पक्कड पाहिली, मंग गुंजनकडं पाहिलं... अन् पाहतच राहिला थोडा वेळ.

"तुमी तोडला?"

"हव. तांबा नाई ह्यात."

"नसतेच बाई. काच आहे ते. उजेड जाते त्यातून."

"मंग आमचा फोन काहून बंद आहे?"

"तुमचा अगुदरच बंद होता. आता बँकेचा बंद आहे, दवाखान्याचा बंद आहे, झेरॉक्सवाल्याचा बंद आहे. एक माह्या सायबाचा फोन चालू आहे, त्याच्यावर तो मले शिव्या देऊन राहिला."

दुसरी कोनी असती तं आत पळाली असती. गुंजन पुढं आली. "मी तोडलं तं मी धरते. जोडा."

तो भुपेंद्र. आंबागडचा, गडाच्या पायथ्याचा पोरगा. शहापुरात खोली करून राहे अन् फायबरचे तार ओढे. त्यानं झोऱ्यातून लहानशी मशीन काढली, काचेचे दोन टोकं पुसले, समोरासमोर ठेवले.

"आता फुंकर नोका मारू," तो हळूच म्हने. "श्वास लागला तरी हालते."

दोघाइनं श्वास रोखला. मीनंही रोखला, काय करता. हायवेवरून ट्रक जाऊन राहिले होते, पन दुकानात असं शांत का वार्निशचा वास तेवढा आयकू यावा.

"तांबा बरा," गुंजन म्हने. "वाकते, गाठ मारता येते. हे तं मोडते."

"मोडते. पन नीट जुळलं तं... सांधा दिसत नाई."

बँक सुरू झाली, दवाखाना सुरू झाला. पोरगा काई जाईना. शिडी बांधे, सोडे, परत बांधे.

आता आयका, त्याच दिवशी दुसऱ्या एजंशीचा एक टायवाला पोरगा गुंजनची सही घ्याले येनार होता. हवेतून इंटरनेट, तार नाई, खोदकामाची भानगड नाई. पन नंबर नवा. माह्या बासष्ट भिंती माह्या डोळ्यापुढं नाचाले लागल्या. नेट तिले पायजेच होतं. काई लोक जळालेल्या मोटरच्या पाटीचा फोटो पाठवत, सामान नागपूरवरून मागवा लागे. पन धानवाला मानूस फोटो नाई पाठवत, तो भिंतीवरच्या नंबरवर बोंबलते.

गुंजननं भुपेंद्रले इचारलं, "तुमच्या तारावर आमचा जुना नंबर राहीन?"

"राहीन. पन नंबर बाबाच्या नावावर आहे, त्याइची सही पायजे. अन् बंद लाइन कायमची कटाच्या आधी अर्ज द्या लागते. आठ दिवस लागतीन."

"टायवाला उद्याच चालू करून देतो म्हनते."

"खोटं नाई बोलत तो. तुमाले निसतं नेट पायजे असन तं त्याचंच घ्या."

हे आयकून मी शिडीवरून पडतो का काय असं झालं. आपलं गिऱ्हाईक कोनी दुसऱ्याले देते काय? पन गुंजननं पक्कड खाली ठेवली. पयल्यांदा तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"लाइट गेली तं? जुना फोन लाइटीबिगर चाले."

"हा नाई चालनार. बॅटरी ठेवा लागन."

"बॅटरी मी बसवते. अन् तार तुटला तं कोन येईन?"

"मी."

"तुमी नसले तं?"

त्यानं शिडीची गाठ परत सोडली. "असतो ना मी."

टेकचंदभाऊनं कापत्या हातानं सही केली. टायवाला आला, पानी पेला, परत गेला. आठ दिवसाचे नऊ झाले. टेकचंदभाऊ रोज भुपेंद्रनं बसवलेल्या फायबरच्या डब्ब्याकडं असे पाहात का डब्बा नाई, आजारी मानूस आहे. नवव्या दिवशी फोन वाजला. कोनी हाललंच नाई. मंग गुंजननं उचलला. पलीकडून जुनं गिऱ्हाईक, सुखराम बुढा, "काय गा टेकचंद, मेलास काय? तीन आठवड्यापासून फोन लावून राहिलो."

टेकचंदभाऊ बसल्या जागी हासले. खूप दिवसानं.

भुपेंद्रनं आनखी एक सोय केली होती. वार्निशनं हात भरले असले अन् फोन उचलता आला नाई, तं पाच घंट्या झाल्यावर गुंजनचाच भरून ठेवलेला आवाज निघे... "राम राम, टेकचंद मोटर वाइंडिंग, गुंजन बोलून राहिली. बोला." मंग टूं वाजे अन् सांगनाऱ्याचं बोलनं जमा होई. सुखराम बुढ्याचं तं तिच्याशी भांडन झालं. "बोल म्हनते अन् मी बोललो तं उत्तर देत नाई. शिकवलं नाई काय बापानं?"

रोज तीन वाजता गुंजन वार्निश देई. रोज तीन वाजताच एक फोन येई. पाच घंट्या, मंग आवाज, "भुपेंद्र बोलतो. चेकिंग करून राहिलो. आवाज साफ आहे."

पयल्या दिवशी एवढंच. मंग वाढत गेलं. "चेकिंग. आज आंबागडले गेल्तो. गडावर पळस सारा लाल झाला. आवाज साफ आहे." मंग, "चेकिंग. आईनं मोहाचे फुलं वाळवाले टाकले, वास कपड्याइले लागून शहापूरच्या खोलीपावतर आला. तुमच्या वार्निशहून बरा आहे. आवाज साफ आहे."

संध्याकाळी गुंजन सारे निरोप आयके. मोटरवाल्याइचे एकदा. हे दोनदा. पन फोन काई करे नाई.

"उत्तर दे ना व," मी म्हनलं.

"कायचं उत्तर? तो इचारून काय राहिला? आवाज साफ आहे म्हनते, तं आहे साफ."

हंगाम सावरला, पन नागपूरवाले पाव्हने रविवारी येनार होते. टेकचंदभाऊनं शब्द देऊन ठेवला होता. गुंजनचे वेढे चुकाले लागले. मले राहवलं नाई. भुपेंद्र चहाच्या टपरीवर भेटला तवा सांगून टाकलं, रविवारी पोरगी पाहाले येऊन राहिले म्हनून. त्याचा चहा तसाच थंडा झाला.

शुक्रवारी ढगाड होतं. टिनावर चार थेंब वाजत होते. मी दुकानात ब्रश धुवत होतो, टेकचंदभाऊ आत खाटेवर. तीन वाजले. माह्या ध्यानात आलं... गुंजनचे हात कोरडे होते. साबनानं धुतलेले. फोनजवळ बसली होती.

घंटी वाजली. एक. तिनं उचलला.

"राम राम, टेकचंद मोटर वाइंडिंग, गुंजन बोलून राहिली. बोला."

जशी मशीन बोले, तस्सं. अन् पलीकडून सुरू झालं. दुकान लहान, मले सारं आयकू आलं.

"चेकिंग करून राहिलो... लाइनमंदी बिघाड नाई. बिघाड माह्यातच आहे. रविवारी पाव्हने येऊन राहिले म्हनते. येऊ द्या. पन त्याच्या आधी एवढं आयका... मी तुमच्या दुकानापुढून दिवसातून चारदा जातो, तिथं माहं काईच काम नसते. तुमी हव म्हनसान तं आईले बोलनी कराले पाठवतो. नाई म्हनसान तरी... तार तुटला तं मीच येईन."

गुंजननं डोळे मिटले होते. मी ब्रश तसाच हातात धरून.

मंग ती म्हने, "आवाज साफ आहे."

फोन ठेवला. दहा मिनिटात फटफटी आली. तार तुटला नोयता, तरी शिडी आनली होती पठ्ठ्यानं.

गुंजन दारात उभी. "घंट्या किती झाल्या होत्या?"

"...एक."

"मशीन कितीवर उचलते?"

"पाचवर."

"लावली कोनं?"

त्यानं शिडीकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, मंग आपल्या पायाकडं. "मीनंच."

"म्हनजे ठाऊक होतं, मीच आहे म्हनून."

"तुमचे हात कोरडे कसे होते तीन वाजता?"

आता ती खाली पाहाले लागली. तेवढ्यात आतून टेकचंदभाऊचा आवाज आला, "एकच घंटी झाल्ती. मीनंही मोजली."

दोघं दगड झाले. भाऊ भिंत धरून बाहेर आले. कितीतरी वेळ त्या पोराकडं पाहात राहिले. मंग खुर्चीत बसून म्हने, "गुंजन, नागपूरवाल्याचा नंबर लाव. मी बोलतो त्याइच्याशी, येऊ नोका म्हनून. शब्द माहा होता, माफी मीच मागतो." अन् भुपेंद्रले, "लाइन चालू आहे ना गा?"

"हव," भुपेंद्र म्हने. "साफ आहे."

मी ब्रश घेतला अन् बोर्डाकडं वळलो. टेकचंद मोटर वाइंडिंगच्या खाली मोकळी जागा होती, तिथं वैशाखात दोघाइचं लगन लागल्यावर लिहिलं, "व फायबर सेवा". नंबर तोच. बासष्ट भिंती वाचल्या माह्या.

तं आता तुमीनं भिंतीवरून नंबर उतरवून घेतलाच आहे, एक काम करा. फोन लावसान तं पाच घंट्या पुऱ्या होऊ द्या, मधात ठेवू नोका. दोघाइचे हात वार्निशनं भरले असतात, अन् "तू उचल, तू उचल" चालू असते.