फक्त तिच्याच घरी चालणारा गेम

मंगळवारी ऑफिसात हिरवा केक आला की समजायचं, काहीतरी विकलं गेलंय. शुक्रवारचा केक वेगळा, तो हक्काचा. पण आठवड्याच्या मधेच हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड थराचा, वर गुलाबी गुलाब लावलेला केक... आम्ही गेम तपासणारे टेस्टर लोक एकमेकांकडे बघायला लागलो.

"कोण?" मी विचारलं.

"आपण," गुनवोर म्हणाली. आमची टीम लीड, कायम अशीच तोडून बोलते. "अख्खा स्टुडिओ. स्टॉकहोमच्या कंपनीने घेतला. केक खा."

बाहेर पाऊस आणि बर्फ मिळून जे गचगचीत काहीतरी पडतं ना, ते पडत होतं. मी बशी घेऊन गेलो, तर एक मुलगी, ओला कोट तसाच अंगावर, चिमटीत धरून केकवरचा गुलाब उचलत होती.

असं कुणी करत नाही आमच्याकडे. सगळे भिडेखातर गुलाबाच्या आजूबाजूनं कापतात, आणि शेवटी तो बिचारा एकटाच ताटात वाळतो.

"अगं, तो..."

"माझाच असतो तो," ती म्हणाली आणि वळली. केसांतून पाणी ओघळत होतं. ओठावर गुलाबी साखर. "मेल्कर? तू... इथे?"

तुवा! आमच्या समोरच्या दारातली तुवा.

आता नीट सांगतो. लहानपणी माझ्याकडे गेम खेळायचा एक कन्सोल होता, तिच्याकडे दुसऱ्या कंपनीचा. आणि 'दीपगृह' हा गेम, जो आमच्याच गावात, ह्याच स्टुडिओत बनला, तो फक्त तिच्या कन्सोलवर चालायचा. कंपन्यांचे करार असतात तसे. शाळेत पोरं शिव्या घालायची त्या कराराला. मी नाही. मला रोज शाळा सुटल्यावर नुसत्या मोज्यांवर जाऊन समोरची बेल वाजवायला कारण मिळालं होतं ना!

एकाच सोफ्यावर, एकाच पांघरुणात पाय घालून खेळायचो. ती होडी चालवायची, मी दिवा धरायचो. मग तिची आई लांबवून हाक मारायची, "तुवाऽऽ, जेवायला ये!" तुवा जायची. मी तिच्या खोलीत बसून राहायचो. आमच्याकडे स्वीडनमध्ये खेळायला आलेलं पोर आपल्याच घरी जेवतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. दाराच्या फटीतून काट्या-चमच्यांचा आवाज यायचा, शेपू घातलेल्या बटाट्यांचा वास... आणि मी वाट बघायचो. बटाट्यांची नाही.

मग एका नाताळात बाबांनी पार्सल दिलं. 'दीपगृह'. माझ्या कन्सोलसाठी! करार संपला होता. बाबा इतके खूश... मी हसलो, थँक्यू म्हणालो, आणि डिस्क पुस्तकांच्या कपाटामागे सारून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिची बेल.

त्याच उन्हाळ्यात ते लोक स्टॉकहोमला गेले. संपलं. मी कधी काही बोललोच नाही.

"'दीपगृह' नव्यानं काढतोय आम्ही," तुवा सांगत होती. आम्हाला विकत घेणाऱ्या त्याच कंपनीतून आली होती. "एकाच कन्सोलवर द्यायचा, की महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये सगळीकडे, ते मी बघून कळवायचंय. संध्याकाळची गाडी आहे."

"आजचीच?"

"आजचीच." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन केकाकडे. "मग... दाखवतोस?"

टेस्टिंगच्या खोलीत एक जुना, मधे खचलेला सोफा आहे. कसंही बसा, माणसं मधे घसरतात. घसरलो.

"अजून दिवा वाकडाच धरतोस तू."

"आणि तू अजून होडी खडकावर नेतेस."

"मुद्दाम नेते."

"का?"

"खडक आला की तू दिवा घेऊन जवळ येतोस..." ती पडद्याकडेच बघत होती. कान मात्र लाल.

पडद्यावर माझा दिवा पाण्यात पडला.

"टेस्टर म्हणून खरं सांग," तिनं कंट्रोलर खाली ठेवला. "एकाच कन्सोलवर की सगळीकडे?"

"सगळीकडे. कुठलंच पोर बाहेर राहायला नको."

"आणि मेल्कर म्हणून?"

आता नाही तर कधीच नाही, इतकं मलाही कळत होतं. "मेल्कर म्हणून... फक्त तुझ्या घरी."

ती हसली नाही. हळूच म्हणाली, "डिस्क अजून आहे का रे कपाटामागे?"

"तुला... तुला कसं..."

"एकदा तुमच्याकडे आले होते. तुम्ही जेवत होतात, मी तुझ्या खोलीत थांबलेली. गोट्या खेळत होते. एक गेली कपाटामागे..."

"आणि तू बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू यायचा थांबला असतास ना, येड्या!"

आईबाबा आता तळ्याकाठच्या घरात राहतात, जुना फ्लॅट माझ्याकडे आहे. कामावरून सुटल्यावर आम्ही दोघांनी मिळून ते कपाट ओढलं. धुळीची गादी, त्यावर डिस्क. प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. शेजारी एक निळी गोटी.

तुवा जमिनीवर बसली. गोटी कोटाला पुसत म्हणाली, "सगळीकडे द्या, असंच कळवणार आहे मी. बेल वाजवायचं तुझं कारण गेलं बघ."

मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन बटाटे चढवले. थोड्या वेळानं ती दारात आली, वास घेतला, घड्याळ बघितलं.

"तुझी जेवायची वेळ झाली. खा तू. मी थांबते आत, मग निघते." आणि गेलीसुद्धा, त्याच खोलीत. सवयीनं.

मी दोन ताटं मांडली. एक काटा खाली पडला.

"तुवाऽऽ," मी हाक मारली, तिच्या आईसारखीच लांबवून. "जेवायला ये!"

मग मोज्यांवरची पावलं... ती दारात थांबली. दोन ताटांकडे बघत राहिली.

"मला?"

"तुला."

"गाडी चुकेल माझी."

मी बटाट्यांचं भांडं मधे ठेवलं. तिनं कोट काढला, खुर्चीवर टाकला, दुसरी खुर्ची माझ्याजवळ ओढली. आणि न विचारता, चिमटीत धरून, सगळ्यात मोठा बटाटा उचलला.

"माझाच असतो हा," ती म्हणाली.