आधी त्याला विचारतो

हे घडलंय. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या संसारात घडलंय, आणि सुरुवात झाली तेव्हा मी तिथे उभा होतो. खोटं वाटलं तर सोडून द्या, मायबापहो. मलाही खोटं वाटलं असतं तर किती बरं झालं असतं.

रात्र नव्हती. गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार होती, आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शेजारीच वाढलेला, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. माणूस सोन्यासारखा. पण देव म्हणा, नशीब म्हणा, त्याचं आपलं एकच.

"कशावरून?"

मी पडलो देवभोळा. देवाचं नाव गुणगुणल्याशिवाय माझं पान हलत नाही.

"दादा, तुमचा देव जिन्यानं येतो की लिफ्टनं?"

"लिफ्ट तू दुरुस्त केली असशील तर जिन्यानंच, बाबा!"

खदखदून हसायचा.

त्या दुपारी आमची लिफ्ट अडकली होती. डब्याचा टप, म्हणजे छत, बरोबर आमच्या मजल्याला लागला होता. त्याचा जोडीदार वर गच्चीवर, मशीनच्या खोलीत. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा.

त्यांच्या कामात एक रीत आहे. टपावर पाय ठेवण्याआधी खालच्यानं हाक द्यायची, "मोकळं?" वरच्यानं वीज तोडायची आणि म्हणायचं, "मोकळं!" त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

त्यानं दार ओढलं. आत काळोख. तेलाचा वास.

"मोकळं?"

त्यानं मान वर करून पुन्हा हाक दिली.

"अरे झोपलास का? मोकळं?"

"मोकळं!" वरून जोडीदार ओरडला.

यानं पाय उचलला.

आणि खालून... त्या बंद डब्यातून...

"कशावरून?"

शांत आवाज. चौकशी केल्यासारखा.

त्याचा पाय हवेतच राहिला. मला वाटलं, हाच थट्टा करतोय. मी हसलोसुद्धा. मग त्याचा चेहरा पाहिला.

"दादा... तुम्ही बोललात?"

"नाही रे."

जोडीदाराला खाली बोलावून डबा उघडला.

रिकामा होता.

दोन-तीन दिवसांनी धाकटीचा फोन. "दादा, हे खुर्चीवर बसत नाहीत. भिंतीला टेकत नाहीत. पाण्याचा ग्लास ओठाला लावतात आणि... ऐकत राहतात."

"काय ऐकतो?"

"तोच आवाज म्हणे. प्रत्येक घोटाला विचारतो."

गेलो. खोलीच्या मधोमध उभा होता. डोळे खोल गेलेले.

"दादा, मला वाटायचं मी कशावरच विश्वास ठेवत नाही. पण ठेवत होतो हो. दोरावर ठेवत होतो. जोडीदाराच्या हाकेवर ठेवत होतो. आता तो विचारतो आणि मला उत्तर सापडत नाही."

"मग सांग ना त्याला, माहीत नाही, तरी पितो!"

त्यानं ग्लास उचलला. ओठाशी नेला.

थांबला.

खाली ठेवला.

धाकटी पुढे आली. "अहो, माझ्यावर तरी ठेवा. माझ्या हातून प्या."

त्यानं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं.

"तू तीच आहेस... कशावरून?"

ती रडली नाही. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण गळ्यातून सूर निघेना. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर झाले. सलाईन लावलं, ते त्यानं उपटून टाकलं. माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला आणि आम्ही नुसते बघत होतो.

मग एका सकाळी फोन. "दादा, जेवले!"

धावत गेलो. खुर्चीवर बसून जेवत होता. चेहऱ्यावर तजेला. माझे हातच जोडले गेले.

"कसं काय रे?"

"तो सारखा मलाच विचारत होता ना? शेवटी मी म्हटलं, मग तूच सांग. आता तोच सांगतो. बस म्हणाला, बसलो. खा म्हणाला, खातोय." छान हसला. "तुमचंच खरं, दादा. कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो."

धाकटी वाटी घेऊन दाराशीच उभी होती, पुढे येईना.

आता तो कामावर जातो. सगळे म्हणतात, बरा झाला. फक्त प्रत्येक गोष्टीआधी मान जराशी कलती करतो... आणि मग करतो.

मागच्या आठवड्यात गेलो होतो. त्यानं दार किलकिलं उघडलं. मला पाहिलं, पण बोलला माझ्याशी नाही. मागे उभ्या असलेल्या धाकटीशीही नाही.

"दादा आलेत. घेऊ आत?"

मीही कान दिले. काही ऐकू आलं नाही.

थोरल्यांचं ऐकावं तशी त्यानं मान हलवली.

"नको म्हणतो, दादा."

दार लागलं. कडी सरकली. मी तिथेच उभा... आणि आतून त्याचा हळू आवाज आला.

"बरं. आणि हिचं काय करू?"

मी दार बडवलं, हाका मारल्या. शेजारीपाजारी जमले. शेवटी धाकटीनंच आतून सांगितलं, "जा दादा. मी ठीक आहे."

ती रोज फोन करते. तक्रार काही नाही. जेवलास का विचारते, औषध घे म्हणते.

मी म्हणतो, "चार दिवस माझ्याकडे ये."

"हो दादा," म्हणायला ती तोंड उघडते, मला श्वास ऐकू येतो.

मग थांबते...

आणि म्हणते, "नको."